एफ्रेन रेयेसच्या किक शॉटआधीची पंचवीस वर्षं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही बावीस वर्षांचे आहात, तीन वर्षं बिलियर्ड्ससारखा पूल हा खेळ खेळताय, फिलिपिन्सचा पूल खेळाडू एफ्रेन रेयेस याचे जुने सामने पाहून त्याचे किक शॉट, म्हणजे पांढरा बॉल आधी टेबलाच्या कडेवर आपटून मग हव्या त्या बॉलला लावायचे शॉट, घोटून बसवलेत, आणि तरी स्पर्धेत पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडताय. रेयेस घडला कसा, हा गुण जन्मजात असतो का, आणि त्याच्या वाटेने जायचं तर शिक्षण सोडून पूर्णवेळ खेळात उतरावं का, असं तुम्ही विचारलंय.

हे तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्ही एकाच ठिकाणाहून निघालेत असं मला वाटतं. तुम्ही रेयेसला दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत पाहिलंय. पांढरा बॉल दोन कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडांना, लागून येतो, लपलेला बॉल पॉकेटमध्ये जातो, लोक उभे राहतात, रेयेस डोकं खाजवत हसतो. हा तुकडा खराच आहे. पण त्याच्या आधी टेबलावर काय घडलं आणि त्याच्याही आधीची वीस-पंचवीस वर्षं तो काय खेळत होता, हे त्यात दिसत नाही. तुमचं उत्तर त्या न दिसणाऱ्या भागात आहे. मी तीस वर्षं पूल शिकवतोय, आणि रेयेसच्या किकच्या प्रेमात पडून आलेले विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात. त्यांच्याशी जे बोलतो तेच तुमच्याशी बोलतो, जरा सविस्तर.

आधी त्याचं आयुष्य, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रेयेसचा जन्म २६ ऑगस्ट १९५४ चा, फिलिपिन्समधल्या पाम्पांगा प्रांतातला. घरची गरिबी. पाच वर्षांचा असताना तो मनिलाला काकांकडे राहायला आला. काकांचं पूल हॉल होतं, नाव 'लकी थर्टीन'. दिवसभर तिथली कामं करायची, रात्री गिऱ्हाईक गेलं की टेबलावरच झोपायचं. हात टेबलापर्यंत पोहोचत नसत म्हणून हा पोरगा थंड पेयाच्या बाटल्यांचे क्रेट रचून त्यावर उभा राहून खेळायचा, आणि शॉटची जागा बदलली की क्रेटही सरकवायचा. त्याच हॉलमध्ये त्याच्याहून मोठा आणखी एक एफ्रेन खेळत असे. दोघांत घोळ नको म्हणून याला 'बाता' म्हणायला लागले. फिलिपिनो भाषेत बाता म्हणजे लहान मूल. आज सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळा देश त्याच नावाने हाक मारतो.

क्रेटच्या गोष्टीवर मी थोडा थांबतो. क्रेट सरकवण्यापूर्वी त्या मुलाला ठरवावं लागत असणार की पांढरा बॉल पुढे कुठे थांबणार आहे. हा माझा तर्क आहे, पण लहान मुलांना शिकवताना मी हे पाहिलंय. ज्या मुलाला टेबलाभोवती हलणं कष्टाचं असतं, ते मूल पांढऱ्या बॉलची जागा फार लवकर मोजायला शिकतं. उंच, लांब हातांच्या मुलाला कुठूनही पोहोचता येतं, म्हणून ते ही मोजणी टाळतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या हॉलमध्ये रेयेस काय खेळत होता? तुम्ही-मी ज्यापासून सुरुवात करतो ते एट-बॉल किंवा नाइन-बॉल त्याच्या लहानपणाचा मुख्य खेळ नव्हता. फिलिपिन्समध्ये रोटेशन चालायचं. रोटेशनमध्ये पंधराही बॉल टेबलावर असतात आणि प्रत्येक शॉटला टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श करावा लागतो. बॉलवरचा आकडा तेवढे गुण. सगळ्यांची बेरीज १२०, म्हणजे ६१ गुण झाले की डाव तुमचा.

नाइन-बॉलमध्येही लहान आकडाच आधी मारायचा असतो, पण तिथे टेबलावर नऊ बॉल. इथे पंधरा. एक नंबरचा बॉल कुठेतरी कोपऱ्यात आणि मध्ये चौदा बॉलची गर्दी. सरळ दिसणारा शॉट मिळणं हेच मुळात नशीब. त्यामुळे कुशनवरून जाऊन बॉल गाठणं, म्हणजे ज्याला आपण किक म्हणतो, ते रोटेशन खेळणाऱ्याचं रोजचं काम. तुम्ही जे खास कौशल्य म्हणून शिकताय ते रेयेसच्या हॉलमध्ये सगळेच दिवसातून कित्येकदा करत होते. तो त्यांच्यात सर्वोत्तम होता, पण सगळे करत होते हे विसरू नका.

दुसरा खेळ कॅरम बिलियर्ड्स. कॅरम बोर्डाशी याचा संबंध नाही. या टेबलाला पॉकेटच नसतात. त्यातल्या थ्री-कुशन प्रकारात पांढऱ्या बॉलने इतर दोन बॉलपैकी दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीन वेळा कुशनला स्पर्श करायचा असतो. बॉल पॉकेटात घालण्याचा मोहच तिथे नाही. उरतो फक्त पांढऱ्या बॉलचा मार्ग. रेयेस हा खेळ तरुणपणापासून खेळत आला. २०१९ च्या दक्षिण-पूर्व आशियाई क्रीडा स्पर्धेत, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्याने कॅरममध्येच कांस्यपदक घेतलं.

म्हणजे रेयेस जेव्हा नाइन-बॉलच्या टेबलापाशी उभा राहतो, तेव्हा त्याला टेबलाच्या चारही कडांवरच्या खुणा, आपण ज्यांना डायमंड म्हणतो त्या, एखाद्या जुन्या गल्लीतल्या दारांसारख्या ओळखीच्या असतात. इथून शिरलं की तिथून बाहेर. तुम्ही पाठ केलेत वीस-पंचवीस शॉट. त्याच्याकडे सगळी गल्लीच आहे. स्पर्धेत तुमच्या पाठ केलेल्या जागेपासून बॉल दोन इंच इकडेतिकडे असतो, आणि तिथेच तुमची अडचण सुरू होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. किक एवढी मोलाची झाली त्यामागे नियमांचाही हात आहे. जुन्या काळच्या अमेरिकी नाइन-बॉलमध्ये, तुमचा पांढरा बॉल दुसऱ्या बॉलमागे अडकला तर तो मोकळ्या जागी ढकलून देण्याची सोय होती. मग समोरच्याने ठरवायचं की खेळायचं की पुन्हा तुम्हालाच खेळायला लावायचं. त्यामुळे अडकणं फार महागात पडत नसे. नंतर एका फाउलवर बॉल-इन-हँड हा नियम सर्वत्र रुळला. ब्रेकनंतर, म्हणजे डाव उघडणाऱ्या पहिल्या शॉटनंतर, लगेचच्या शॉटला तेवढी पुश-आउटची, म्हणजे बॉल असा ढकलून देण्याची, मुभा राहिली, एरवी योग्य बॉलला स्पर्श चुकला की समोरचा पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवणार. अशा टेबलावर चांगला खेळाडू बहुतेक वेळा पूर्ण रॅक, म्हणजे एका डावाचे सगळे बॉल, साफ करतो. म्हणजे सेफ्टी, समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असं मुद्दाम खेळणं, हे शस्त्र झालं, आणि त्यातून सुटण्याची कला, म्हणजे किक, हे चिलखत. अमेरिकी खेळाडूंना जे नव्याने शिकावं लागलं ते फिलिपिनो खेळाडू लहानपणापासून जगत होते. रेयेसच्या प्रतिभेला वेळेची साथ मिळाली ती अशी.

१९८५ साली तो पहिल्यांदा अमेरिकेत खेळायला गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता किंवा व्हायला आला होता. त्याच्या खेळाची कुजबूज तिथे आधीच पोहोचली होती, म्हणून ह्यूस्टनच्या स्पर्धेत तो 'सेझार मोरालेस' या दुसऱ्याच नावाने उतरला आणि जिंकला. ही गोष्ट लोक गमतीने सांगतात. मला तिच्यातला आकडा महत्त्वाचा वाटतो. पाचव्या वर्षापासून एकतिसाव्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं, हा माणूस रोज टेबलावर होता आणि बाहेरच्या जगाला त्याच्या कुजबुजीपलीकडे काही माहीत नव्हतं. तुम्ही तीन वर्षांत निराश झालात, म्हणून हे सांगतोय.

जन्मजात की कमावलेलं, याचं माझं प्रामाणिक उत्तर असं. दोन मुलं शेजारीशेजारी त्याच टेबलावर, तेवढेच तास घालवतात आणि एक पुढे जातो, हे मी पाहिलंय. काहीतरी जन्मजात असतं हे नाकारणार नाही. हाताची नजाकत, टेबलावरचं पाहिलेलं लक्षात ठेवण्याची ताकद, पैसे लागलेले असताना श्वास न बिघडणं. पण हे तुमच्याकडे किती आहे, हे तीन वर्षांत तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही. योग्य गोष्टीचा सराव काही वर्षं झाल्यावरच ते दिसायला लागतं. तोपर्यंत हा प्रश्न बाजूला ठेवा.

आता तुमच्या आवडत्या शॉटबद्दल. १९९५ साली अमेरिकेतल्या रिनोमधल्या स्पर्धेत अमेरिकी खेळाडू अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध त्याने मारलेला तो 'झेड शॉट'. निर्णायक रॅक, स्ट्रिकलँडने उत्तम सेफ्टी खेळून पाच नंबरचा बॉल झाकलेला. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनवरून, इंग्रजी झेड अक्षरासारख्या वाटेने आणला, पाच नंबर पॉकेटात घातला आणि सहा नंबरसाठी जागाही मिळवली. पुढे रॅक साफ, सामना जिंकला. पूलच्या इतिहासातल्या सर्वोत्तम शॉटमध्ये त्याची गणना होते, ती योग्यच आहे.

पण पुढच्या वेळी तो शॉट पाहाल तेव्हा पाच नंबरकडे पाहू नका. पांढऱ्या बॉलचा वेग पाहा. समजा पाच नंबर पॉकेटात गेला नसता, तर दोन्ही बॉल कुठे थांबले असते? मी विद्यार्थ्यांना किक शिकवताना हाच प्रश्न विचारतो. किकला तीन पायऱ्या आहेत. पहिली, योग्य बॉलला स्पर्श होणं, म्हणजे फाउल टळणं. दुसरी, स्पर्शानंतर समोरच्याला सोपा शॉट न मिळणं. तिसरी, बॉल पॉकेटात जाणं. नवखा खेळाडू पहिलीवर खूश होतो आणि तिसरीची स्वप्नं पाहतो. रेयेस आयुष्यभर दुसऱ्या पायरीवर राहिला, आणि तिसरी त्याला वरचेवर मिळत गेली, कारण बॉलच्या कोणत्या बाजूला आणि किती जोराने लागायचं हे त्याने आधीच ठरवलेलं असायचं. बॉलच्या डाव्या बाजूला लागायचं की उजव्या, एवढं जरी तुम्ही किकआधी ठरवू लागलात तरी तुमचा खेळ सहा महिन्यांत ओळखू येणार नाही.

यातला थोडा तांत्रिक भाग. आरशातल्या प्रतिबिंबाचा नियम, म्हणजे ज्या कोनात गेला त्याच कोनात परतणार, हा कागदावर खरा आणि टेबलावर अर्धाच खरा. जोरात मारलेला बॉल कुशनमध्ये जास्त रुततो आणि अरुंद कोनात बाहेर येतो. प्रवासाच्या दिशेला पूरक असा साइड स्पिन, म्हणजे बाजूने फिरकी, दिला की कोन रुंदावतो, विरुद्ध दिला की आवळतो. नवं, गुळगुळीत कापड असेल तर बॉल कुशनवर घसरतो आणि लांब जातो. दमट हवेत कापड जड होतं आणि तोच शॉट तोकडा पडतो. म्हणून एकाच टेबलावर पाठ केलेली किक दुसऱ्या टेबलावर फसते. मोठा खेळाडू सामन्याआधीच्या पाच-दहा मिनिटांच्या सरावात बॉल पॉकेटात घालत बसत नाही. तो दोन-तीन ठरावीक रेषांवरून पांढरा बॉल कुशनला मारून पाहतो, टेबल लांब खेळतंय की आखूड. हे तुम्ही उद्यापासून करू शकता, त्याला प्रतिभा लागत नाही.

इथवरचं थोडक्यात: रेयेसची किक ही रोटेशन आणि कॅरममधून आलेली पांढऱ्या बॉलची ओळख आहे, आणि ती ओळख तो किकपेक्षा कितीतरी जास्त वेळा साध्या शॉटमध्ये वापरायचा. आता या साध्या शॉटबद्दल, कारण सामने तिथे जिंकले जातात.

१९९६ साली हाँगकाँगमध्ये रेयेस आणि स्ट्रिकलँड यांच्यात एक सामना झाला. नाइन-बॉल, जो आधी १२० रॅक जिंकेल तो विजेता, तीन दिवस, आणि विजेत्याला १ लाख डॉलर. रेयेस बराच मागे होता, तिथून वर आला आणि १२०-११७ असा जिंकला. तुम्ही विचार करा, २३७ रॅक. स्ट्रिकलँड त्या काळातला सर्वांत भेदक आक्रमक खेळाडू, ब्रेक जबरदस्त, लांबचे शॉट घणाघाती. अशा माणसाविरुद्ध तीन दिवस तुम्ही जादूवर टिकू शकत नाही. किक रोज थोड्याच लागतात. बाकी सगळा वेळ तुम्ही सोपा बॉल घालून पांढरा बॉल योग्य जागी आणत असता, आणि रॅक साफ होणार नाही असं दिसलं की वेळेत सेफ्टी खेळत असता. मागे पडल्यावरही तो घाईला आला नाही, हे मला त्या सामन्यात सर्वांत मोठं वाटतं. आपल्यापैकी बहुतेक जण चार रॅक मागे पडलो की अवघड शॉटवर उड्या मारतो.

माझ्याकडे एक मुलगा होता, तुमच्याच वयाचा. त्याच्या किक पाहायला इतर टेबलांवरचे लोक येत. स्पर्धेत मात्र हरायचा आणि म्हणायचा की समोरच्याचं नशीब चांगलं. मी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, हरलेल्या प्रत्येक रॅकमध्ये तू कोणत्या शॉटला हरलास ते लिही. समोरच्याने काय केलं ते नको, तुझा शेवटचा शॉट कोणता ते लिही. दोन महिन्यांनी वही घेऊन बसलो. किक चुकून हरलेल्या रॅक अगदी थोड्या होत्या. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होती: सोपा बॉल गेला, पण पांढरा बॉल चुकीच्या बाजूला थांबला, मग पुढचा अवघड, मग त्याहून अवघड, आणि शेवटी चूक. वहीत तो 'अवघड शॉट चुकला' असं लिहायचा. मी त्याला दोन शॉट मागे न्यायचो आणि म्हणायचो, चूक इथे आहे. हे पटायला त्याला वेळ लागला. पटल्यावर तो वेगळाच खेळाडू झाला.

रेयेसच्या पुढच्या कारकिर्दीकडे याच नजरेने पाहा. १९९४ साली त्याने अमेरिकेची यूएस ओपन नाइन-बॉल जिंकली, अंतिम सामन्यात निक वार्नरला हरवून. ती जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकी. वय चाळीस. १९९९ साली वेल्समधल्या कार्डिफला जागतिक नाइन-बॉल विजेता, अंतिम सामना चांग हाओ-पिंगविरुद्ध १७-८. २००१ साली टोकियोत सातशेहून जास्त खेळाडूंच्या स्पर्धेत पहिला, बक्षीस १ लाख ६० हजार डॉलरच्या वर. २००४ साली जागतिक एट-बॉल विजेता, आणि दोन वेगवेगळ्या प्रकारांत जागतिक विजेतेपद मिळवणारा पहिला पुरुष. २००६ मध्ये मित्र फ्रान्सिस्को बुस्तामांतेबरोबर वर्ल्ड कप ऑफ पूल, २००९ मध्ये पुन्हा.

माझ्या मते त्याची खरी ओळख मात्र डर्बी सिटी क्लासिक या स्पर्धेत दिसते, आणि सामान्य प्रेक्षक तिच्याबद्दल कमी बोलतो. तिथे नाइन-बॉल, बँक पूल (यात बॉल कुशनवर आपटूनच पॉकेटात घालायचा) आणि वन-पॉकेट असे तीन वेगळे खेळ असतात, आणि तिन्ही मिळून सर्वोत्तम ठरेल त्याला 'मास्टर ऑफ द टेबल' म्हणतात. रेयेसने तो मान पाच वेळा मिळवला: १९९९, २००४, २००५, २००७ आणि २०१०. शेवटच्या वेळी तो पंचावन्न वर्षांचा होता. वन-पॉकेटमध्ये प्रत्येक खेळाडूचं एकच पॉकेट असतं, आणि आपल्या पॉकेटात आठ बॉल घालणारा जिंकतो. यात सेफ्टी, संयम आणि बॉलची मांडणी एवढंच आहे. जादूगार म्हणून ओळखला जाणारा माणूस या सर्वांत संथ खेळात जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक होता. नजर तरुण असण्यापेक्षा इथे ओळख जुनी असणं उपयोगी पडतं, म्हणूनच त्याची कारकीर्द इतकी लांबली.

त्याच्या क्यू, म्हणजे खेळायची काठी, चालवण्याच्या पद्धतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन वर्षं त्याचे सामने पाहिलेत म्हणजे नक्कल केली असणार, म्हणून सावध करतो. रेयेस क्यू सैल धरतो, झोका लांब आणि लवचीक असतो, सरावाचे झोके घेताना टिप, म्हणजे क्यूचं टोक, पांढऱ्या बॉलच्या तळाशी असते आणि प्रत्यक्ष मारताना वेगळ्याच जागी लागते. मनिलातल्या जुन्या खेळाडूंमध्ये ही पद्धत सर्रास दिसते. ती त्याला लाभली कारण ती पाचव्या वर्षापासून त्याच्या हातात आहे. तुम्ही बाविसाव्या वर्षी ती उचललीत तर टिप नेमकी कुठे लागतेय यावरचा ताबा जाईल. सैल पकड आणि मोकळं मनगट घ्या. टिपची ती फसवी हालचाल घेऊ नका. ज्या जागी मारणार, तिथेच टिप ठेवून झोके घ्या.

आता शेवटचा प्रश्न, शिक्षण सोडण्याचा. हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर, तुमच्यावर कोण अवलंबून आहे यावर, आणि तुम्हाला रोज किती तास चांगल्या खेळाडूंसोबत मिळतात यावर अवलंबून आहे. ते मला माहीत नाही, म्हणून मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पण रेयेसच्या आयुष्याचा दाखला देऊन हा निर्णय घेणार असाल तर तीन गोष्टी नजरेआड करू नका.

एक, त्याने शिक्षण आणि खेळ यांत निवड केली असं झालं नाही. ते हॉल हेच त्याचं घर होतं. नऊ वर्षांचा असताना तो पैशांवरचा पहिला डाव खेळला असं सांगतात, आणि बाराव्या वर्षी जिंकलेल्या १०० डॉलरमधले ९० घरी पाठवले असं. पैजेवर खेळणं हा त्या जगाचा भाग होता आणि त्याने त्याची मानसिक घडण केली हे खरं. पण मी ती वाट कोणालाही सांगत नाही. त्या हॉलमधून रेयेस बाहेर आला ते आपल्याला माहीत आहे. त्याच्यासारखेच खेळणारे जे बाहेर येऊ शकले नाहीत, त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत.

दोन, बक्षिसाचा आकडा आणि हातात येणारा पैसा यांत अंतर असतं. २००६ साली रिनोला रेयेसने एट-बॉलची एक मोठी स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात रॉडनी मॉरिसला हरवून. पहिलं बक्षीस ५ लाख डॉलर जाहीर झालं होतं, पूलमध्ये तोवर न ऐकलेली रक्कम. आयोजकांकडे पैसे उरले नाहीत आणि ती रक्कम त्याला वेळेवर मिळाली नाही. त्या वेळी तो बावन्न वर्षांचा होता आणि जगातला सर्वांत लाडका पूल खेळाडू होता. त्याच्या बाबतीत हे घडू शकतं, तर बाविसाव्या वर्षी अनोळखी खेळाडूच्या बाबतीत काय घडेल याचा हिशेब आधी करा. प्रवास, राहणं, प्रवेश फी हे सगळं तुम्ही जिंकण्याआधी जातं.

तीन, आणि ही चांगली बातमी आहे. या खेळात घाई नाही. एकतिसाव्या वर्षी परदेशात पहिलं नाव, चाळिसाव्या वर्षी यूएस ओपन, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर जागतिक विजेतेपद. त्याच्या देशातल्या कार्लो बियादोचंच बघा. गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करत मोठा झालेला हा खेळाडू २०१७ साली जागतिक नाइन-बॉल विजेता झाला तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. पदवी पूर्ण करायला लागणारी दोन-तीन वर्षं तुमच्या खेळातून काही हिरावून घेणार नाहीत. रोजचे दोन तास नीट वापरलेत तर उलट तुमचा खेळ सुधारेल, कारण दिवसभर टेबलावर असणारे बहुतेक जण त्यातले दोनच तास खरं काम करतात.

त्या दोन तासांत काय करायचं ते सांगतो. आठवड्यातले दोन दिवस फक्त रोटेशन खेळा, पंधरा बॉल, ६१ गुणांपर्यंत. जोडीदार नसेल तर एकट्याने. पहिल्या महिन्यात चीड येईल, कारण सतत अडकाल. तोच त्याचा उपयोग. बाकीच्या दिवशी प्रत्येक शॉटआधी पांढरा बॉल कुठे थांबणार ते मोठ्याने सांगा आणि थांबल्यावर वीतभर अंतरात आहे का ते पाहा. बॉल गेला पण पांढरा चुकला तर तो शॉट चुकला असं धरा. किकचा सराव रोज वीस मिनिटं पुरे, पण अट अशी की लक्ष्याच्या बॉलच्या कोणत्या बाजूला लागणार हे आधी सांगायचं. आणि प्रत्येक किकनंतर एक पाऊल मागे घेऊन समोरच्या खेळाडूच्या नजरेने टेबल पाहायचं: याला शॉट दिसतोय का?

आणि ती वही ठेवा. हरलेली प्रत्येक रॅक, तुमचा शेवटचा शॉट, आणि त्याच्या आधीचे दोन शॉट. पुढच्या तीन स्पर्धांची पानं भरली की मला पाठवा. ती पाहिल्यावर पूर्णवेळ खेळण्याच्या प्रश्नावर आपल्याला नेमकं बोलता येईल.